दुसऱ्याच्या आवाजात दिलेला शब्द

मी उमरखेड सोडलं त्या दिवशी गावात कुठल्याशा मंत्र्याचा दौरा होता आणि माझे बाबा चौकात बंदोबस्ताला होते. सुट्टीचा अर्ज केला होता, पण मंत्री आणि मुलगा एकाच दिवशी निघाले तर पोलीस खात्यात कोणाचा नंबर आधी लागतो ते तुम्हाला माहीत आहे. त्यामुळे स्टँडवर मला सोडायला आई, दोन बॅगा आणि पोलीस लाईनमधली अर्धी पोरं. नागपूरची बस चौकात आली आणि शिट्टी वाजली. ड्रायव्हरनं घाबरून लायसन काढलं. बाबांनी त्याच्याकडं बघितलंच नाही. सरळ मागं माझ्या खिडकीपाशी आले, टोपी काढून काखेत धरली आणि म्हणाले, "तिथं चौकात शिट्टीवाला नसतो म्हणे. दिवा पाहून रस्ता ओलांड." एवढंच. मग टोपी घातली, आणि मंत्र्याच्या ताफ्यासाठी अडवून धरलेला अख्खा रस्ता आधी आमच्या बससाठी मोकळा केला. आई सांगते, त्यानंतर महिनाभर लाईनमध्ये एकच गोष्ट चालली होती, की हेडसाहेबांचं पोरगं मंत्र्याच्या आधी गेलं.

आता मी सिंगापूरला आंग मो किओत राहतो. लाईनमधले सगळे फोनवर विचारतात, "प्रशिक, तिकडं कसं काय?" मी म्हणतो, मस्त. इथले टॅम्पिनीसचे मराठी काका-काकू, ज्यांची पोरं जयभीमला "हाय अंकल लाह" म्हणतात, तेही विचारतात, "गावाकडं कसं काय?" मी म्हणतो, मस्त. दोन्हीकडं एकच उत्तर देऊन चार वर्षं काढली. जे खरं सांगायचं आहे ते फोनवर सांगायची हिंमत होत नाही, कारण गोष्ट फोनचीच आहे. म्हणून लिहितोय.

आधी लाईनबद्दल, म्हणजे पुढचं कळेल. लाईन म्हणजे दोन खोल्यांची क्वार्टरं, भिंतींना पिवळा रंग, वर पत्रे. घर सरकारचं, नळ सरकारचा, भांडणं तेवढी आपापली. तिथं मी सगळ्यांचे आवाज काढायचो. तेरा वर्षांचा असताना एकदा भिंतीमागून ठाणेदारसाहेबांच्या आवाजात नुसतं "कोण आहे रे ड्युटीवर?" म्हणलो, तर पत्ते खेळत बसलेले चार जण ताडकन उठले आणि त्यातल्या बनियनवरच्या एका काकांनी समोरच्या कडुलिंबाला सलाम ठोकला. लाईन दोन दिवस हसत होती. बाबा हसले नाहीत. मारलं पण नाही. मारलं असतं तर मी विसरून गेलो असतो. वर्दीला इस्त्री करता करता म्हणाले, "आवाज म्हणजे माणसाची वर्दी असते. दुसऱ्याची वर्दी घातली तर कलम लागतं, माहीत आहे ना?" आईचं म्हणणं अजून सोपं होतं. निघताना तिनं चटणीच्या डब्याबरोबर तेही बांधून दिलं: "तिथं कोणाची नक्कल करू नको. परके लोक हसतात, पण ध्यानात ठेवतात."

दोघांचंही ऐकलं नाही. त्याला आमची कंपनी पण थोडी जबाबदार आहे. आम्ही चिप बनवायच्या मशिनी सांभाळतो, आणि तिथं आत जाताना डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, तोंडाला मास्क, हाताला मोजे. आतली सगळी माणसं सारखी दिसतात, नुसते डोळे. माणूस ओळखायचा तो आवाजावरून. आता माझ्यासारख्याला अशा जागी नोकरी देणं म्हणजे मांजराला दुधावर बसवणं. पहिल्याच महिन्यात मी आमच्या चायनीज सुपरवायझरच्या आवाजात "हरी अप लाह, दिस वन हाऊ कॅन?" म्हणून एका फिलिपिनो पोराला दोन मशिनी पुसायला लावल्या. शेजारी उभा असलेला एक जण झग्याच्या आत एवढा हसला की त्याच्या चष्म्यावर वाफ धरली. तो को तेट.

को तेट बर्मी आहे. 'को' म्हणजे त्यांच्यात दादा. माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, सिंगापूरला दहा वर्षं काढलेला, नोकरीचा सरकारी पास दर वेळी धाकधूक करत रिन्यू होणारा. त्याच्या खोलीतला जोडीदार सिंगापूर सोडून गेला होता, म्हणून मी त्याच्याकडं राहायला गेलो. मार्केटजवळच्या ब्लॉकमध्ये सातवा मजला, घरमालकीण आंटी हॉलमध्ये, आम्ही दोघं मागच्या खोलीत. स्वयंपाकाला परवानगी फक्त मॅगी आणि भाताची. फोडणीचं नाव काढलं की आंटी "कॅनॉट, कॅनॉट" करत पंखा लावायची. वैशाख पौर्णिमेला आम्ही दोघांनी एकाच टेबलावर मेणबत्ती लावली. मी त्रिसरण म्हणलो तसा तो उडालाच, कारण शब्द तेच होते. फक्त आम्ही 'सरणं' म्हणतो तिथं तो 'थरनां' म्हणत होता. त्याला वाटलं मी चुकतोय, मला वाटलं तो. आंटीला वाटलं आम्ही दोघं भांडतोय.

त्याच्या देशात सैन्यानं सत्ता घेतली त्याला तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. पण को तेट त्यावर बोलायचा नाही. का, ते पहिल्या रविवारी कळलं.

रविवारी दुपारी तो आईला व्हिडिओ कॉल लावायचा. स्क्रीनवर बाई दिसल्या, साठीच्या, गालाला थनाखा लावलेल्या, चंदनासारखं उगाळून लावतात ते. पण मी बाईंकडं बघतच नव्हतो. मागं पिवळी भिंत होती. वर पत्रा होता. दोरीवर हिरवी वर्दी वाळत होती. मी म्हणलं, ही तर आपली लाईन. को तेट म्हणाला, लाईनच आहे, फक्त पोलिसांची नाही, पलटणीची. त्याचे वडील शिपाई होते, तो शाळेत असतानाच वारले. आईला ती खोली ठेवायची असेल तर घरातल्या एकानं वर्दी घालायला पाहिजे, असा तिथला रिवाज. थोरला म्हणून पाळी को तेटची होती. तो नाही म्हणाला, भांडला, आणि सिंगापूरला निघून आला. मग धाकट्यानं घातली. को तेटनं हे सगळं मला हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉलमध्ये, ट्रे घेऊन उभं असताना सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, "माझ्या वाट्याची वर्दी त्यानं घातली." मग जागा मिळाली, आम्ही बसलो, तो त्यावर परत कधी बोलला नाही.

धाकट्याचं नाव नाइंग. तो फ्रेममध्ये कधी पूर्ण यायचा नाही. कधी खांदा, कधी नुसता हात. पण आवाज असा की विचारू नका. घसा बसलेला, जरा नाकात, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी एक बारीक खोकला, मोटरसायकल चालू करायच्या आधी किक मारतात तसा. घरात शिरताना दारातूनच "अमे-ये" अशी हाक मारायचा. अमे म्हणजे आई. आणि ड्युटीवर निघताना रोज एकच वाक्य. त्याचा अर्थ मी को तेटला विचारून घेतला होता: येतोच, माझा भात ठेव.

तीन रविवारांत आवाज माझ्या घशात बसला. अर्थ कळत नव्हता, पण नकलेला अर्थ लागत नाही. एका रविवारी मी स्क्रीनच्या बाहेर उभं राहून खोकलो आणि "अमे-ये" म्हणलो. बाईंनी मागं वळून दाराकडं बघितलं. खरंच वळून बघितलं. मग समोर माझं थोबाड दिसलं तशा एवढ्या हसल्या की डोळे पुसायला लागले, आणि मला 'था' म्हणाल्या. को तेट म्हणाला, 'था' म्हणजे लेक. त्यानंतर दर रविवारी शेवटची पाच मिनिटं माझी. नाइंग मागून ओरडून मला चुका सांगायचा. आम्ही कधी भेटलो नव्हतो, आणि मी त्याचा आवाज पांघरून त्याच्या आईला हसवत होतो.

हळूहळू नाइंग रविवारी घरी नसायला लागला. पलटण बाहेर होती. बाई म्हणायच्या, ड्युटी आहे. आम्ही म्हणायचो, हो, ड्युटी आहे. फोन ऐकला जातो हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून बोलणं हवेवर, डोळ्यावर, भाजीवर. बाईंच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता.

मग एकदा कोणाच्यातरी फोनवरून, आडबाजूनं, नाइंगचा कॉल आला. मी खोलीतच होतो. को तेट भिंतीकडं तोंड करून ऐकत होता. नंतर त्यानं मला जे सांगितलं ते एवढंच. एका गावात घरं जाळायचा हुकूम होता, बंडखोरांना जेवण देतात म्हणून. नाइंगच्या वाट्याला जे घर आलं तिथं माणसं पळून गेलेली, पण चुलीवर भात शिजत होता. त्यानं आधी भात उतरवून अंगणात नेऊन ठेवला, वर झाकण घातलं, आणि मग घर पेटवलं. त्याचा साहेब हसला. नाइंग पण हसला म्हणे. त्यानंतर त्याला भात खाता येत नव्हता.

हे ऐकून मला एकदम आमच्या लाईनमधले सगळे काका आठवले. पत्ते खेळणारे. माणूस वाईट नसतो हो, हुकूम आला की उठतो. कडुलिंबाला पण सलाम करतो. नाइंगनं ते थांबवायचं ठरवलं. पलटण सोडून, बंदूक घेऊन, तो पलीकडं जाणार होता. ज्यांच्यावर गोळ्या घालायला त्याला पाठवलं होतं त्यांच्यात. त्याच्या आधी त्याच्याच बराकीतले दोघं गेले होते. त्यातल्या एकाच्या बायकोला पोरासकट आत एका खोलीत आणून ठेवलं होतं, नवरा परत येईपर्यंत. म्हणून नाइंगनं आधी आईला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मावशीच्या गावी पाठवलं. आईला काही सांगितलं नाही. ती रडली असती आणि रडणं लाईनमध्ये लपत नाही. निघताना को तेटला फोनवर एक वाक्य सांगितलं, की आईला मावशीकडून परत येऊ देऊ नको. मग फोन फेकून दिला. पलीकडं गेलेल्या शिपायांचे फोन नाहीतरी आधी काढूनच घेतात. नवा माणूस खरा की पेरलेला, हे कळेपर्यंत त्याला कोणाशी बोलू देत नाहीत.

ऑपरेशन चांगलं झालं. आठ दिवसांत बाईंना स्पष्ट दिसायला लागलं आणि त्यांनी परतीच्या बसचं नक्की केलं, रविवारी सकाळची.

शनिवारी को तेटनं तीन वेळा फोन केला. थांब म्हणाला, ऊन आहे, डोळ्याला जपायला पाहिजे. बाई म्हणाल्या, नाइंग ड्युटीवरून येईल आणि दाराला कुलूप असेल. को तेट म्हणाला, त्या खोलीत परत जायचं काय एवढं? तिथं तो चुकला. बाईंचा आवाज बदलला. त्या म्हणाल्या, तुला ती खोली कधीच नको होती. तू सोडून गेलास, तुझ्या भावानं राखली, आणि आता मला पण सोडायला सांगतोस. खरं कारण फोनवर सांगता येत नव्हतं, आणि खोटी कारणं थोरल्याच्या तोंडून त्यांना पटत नव्हती. नाइंग म्हणाला असता तर त्या एका शब्दात थांबल्या असत्या.

को तेटनं फोन ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. तो काही बोलायच्या आधी मला कळलं होतं, आणि मला पळून जावंसं वाटलं.

मी त्याला बाबांचं वाक्य सांगितलं, वर्दीचं आणि कलमाचं. मी म्हणलं, दादा, हसवणं वेगळं. हे वेगळं आहे. ती आई आहे त्याची. त्यानं फोन खिशात घातला. मग म्हणाला, "नाइंगनं माझी वर्दी घातली. तू आजच्या दिवस त्याची घाल."

आम्ही खाली ब्लॉकच्या मागच्या गवतावर गेलो, कारण खोलीत आवाज घुमत होता आणि आंटी टीव्हीवर गाणी लावून बसली होती. को तेटनं तीन वाक्यं सांगितली, मी देवनागरीत हातावर लिहून घेतली. अर्थ असा: आई, क्वार्टरला येऊ नको, मी बरेच दिवस बाहेर आहे. मावशीकडंच राहा. डोळ्यात औषध घालत जा. तीनच वाक्यं, पण सतरा वेळा करावी लागली. एकदा खोकला जास्त झाला, एकदा एमआरटीची गाडी पुलावरून धडधडत गेली, दोनदा मला रडू आलं आणि एकदा को तेटला. सतराव्या वेळी मागच्या झाडीतला रानकोंबडा आरवला. सिंगापूरचे हे कोंबडे वेळ-काळ काही बघत नाहीत. पण तो असा आरवला की आम्ही दोघंही कुठल्यातरी गावात उभे आहोत असं वाटलं, आणि आवाज आपोआप लागला. वाक्यं संपली आणि मी थांबलो नाही. नाइंगचं बोलणं जिथं संपतं तिथं ते एक वाक्य असतंच. घसा सवयीनं पुढं गेला. येतोच, माझा भात ठेव.

को तेट माझ्याकडं बघतच राहिला. ते वाक्य हातावर लिहिलेलं नव्हतं. कोणी सांगितलं नव्हतं. नाइंग येणार आहे असं नाइंगनं स्वतः कुणाला सांगितलं नव्हतं. मी म्हणलं, परत करू. त्यानं रेकॉर्डिंग कानाला लावून ऐकलं, परत ऐकलं. बावीस सेकंद. मग म्हणाला, एवढं चांगलं परत येणार नाही. आणि मावशीच्या फोनवर पाठवून दिलं.

तासाभरानं उलट निरोप आला. बाईंचा आवाज, एकच शब्द. को तेटनं अर्थ सांगितला: बरं.

रविवारी त्या बसमध्ये बसल्या नाहीत. मंगळवारी क्वार्टरवर माणसं आली, कुलूप तोडलं, भांडी बाहेर फेकली, आणि त्याच आठवड्यात ती खोली दुसऱ्या कोणाला दिली, असं शेजारणीकडून फिरत फिरत कळलं. माणसं तिथंही शोधत येतील म्हणून बाई तोवर मावशीचं गाव सोडून निघाल्या होत्या. एका विहारातून दुसऱ्या विहारात, ट्रकमधून, पायी, असं करत महिन्यानं थायलंडच्या हद्दीत माए सोत नावाच्या गावात पोचल्या. आमचं काम झालं होतं. मला आईला फोन करून सांगावंसं वाटलं, पण काय सांगणार? नक्कल केली आणि एक माणूस वाचला? आई म्हणाली असती, आणि दुसरा?

दुसऱ्याचं सांगतो. दोन महिन्यांनी को तेटच्या फोनवर अनोळखी नंबर आला. आम्ही दोघं खोलीत शर्ट इस्त्री करत होतो. पलीकडून आवाज आला, "अको." म्हणजे दादा. आवाज सपाट होता. घसा बसलेला नव्हता, खोकला नव्हता, घाईची किक नव्हती. कोणीतरी वाचून दाखवावं तसा. को तेटचा चेहरा पांढरा पडला. आवाज उसना घेता येतो हे त्याला आता माहीत होतं ना. आम्हीच घेतला होता. आपण करू शकतो तर पलटणवाले का नाही? आई कुठं आहे हे काढून घ्यायला कोणीतरी नाइंग होऊन बोलतोय, असं त्याला वाटलं. पलीकडचा म्हणाला, आई कुठं आहे? आणि को तेटनं फोन कापला. सिम काढून खिडकीतून खाली टाकलं.

आठ-दहा सेकंदांचं सगळं. पण मला कळलं होतं. खोकला काढता येतो, नाक काढता येतं. 'अ' म्हणायच्या आधी माणूस जो श्वास घेतो तो नाही काढता येत. मी त्याच्यावर महिनोन्महिने मेहनत केली होती आणि तो एक श्वास मला कधी जमला नव्हता. मी म्हणलं, दादा, तो नाइंग होता. को तेट म्हणाला, नाइंगचा आवाज असा नाही. मी म्हणलं, आता असा आहे. तो माझ्यावर ओरडला, पहिल्यांदा आणि शेवटचं. मग आम्ही खाली जाऊन सिम शोधलं. मोबाईलचा उजेड लागत नव्हता, भर दुपार होती, तरी सापडलं नाही.

तीन आठवडे काही कळलं नाही. ते तीन आठवडे मी कंपनीत एकही आवाज काढला नाही. सुपरवायझरनं विचारलं, यू सिक ऑर व्हॉट? मग माए सोतहून, एका भिक्खूच्या मार्फत, निरोप आला. नाइंग जिवंत आहे. तो फोन त्याचाच होता. रेंज मिळावी म्हणून अर्धा दिवस डोंगर चढून गेला होता. दादानं ओळखलं नाही, एवढंच त्यानं निरोपात सांगितलं होतं. को तेट त्या दिवशी कामावर गेला नाही. मी त्याच्यासाठी खालून कॉफी आणली, ती तशीच ठेवून तो बसून राहिला.

गेल्या वर्षी लागून सुट्ट्या आल्या तेव्हा आम्ही दोघं माए सोतला गेलो. बँकॉकपर्यंत विमान, पुढं बस. शिवणकामाच्या एका कारखान्याच्या मागं बाईंची खोली, भाड्याची, वर पत्रा. मी वाकून पाया पडलो तर त्यांनी पण हात जोडले; को तेट म्हणाला, बस आता, नाहीतर दोघं दिवसभर वाकत राहाल. जेवायला बसलो. एक ताट झाकून बाजूला ठेवलं होतं. मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, रोज ठेवते.

मी हातातला घास ताटात ठेवला. मी को तेटला म्हणलं, आज सांगून टाक. तो आवाज माझा होता, ते वाक्य माझी चूक होती. तो भाषांतर करायला लागला आणि बाईंनी हातानंच त्याला थांबवलं. मग माझ्याकडं बघून सावकाश बोलल्या. को तेटनं मान खाली घालून मला सांगितलं, "मला पहिल्या खोकल्याला कळलं होतं, था. माझा पोरगा स्वतःसारखा एवढा बोलत नाही."

मी विचारलं, मग थांबलात कशाला?

त्या म्हणाल्या, नाइंगला बोलता आलं असतं तर त्यानं परक्या पोराला बोलायला लावलं नसतं. म्हणजे तो गेला होता. आणि थोरला सहसा कुणापुढं हात पसरत नाही. त्यानं तुझ्यापुढं पसरला. मग त्या मला वाढायला लागल्या. तेवढ्यावर विषय संपला त्यांच्या बाजूनं.

संध्याकाळी नाइंगचा फोन यायचा वार होता. आला. बाईंनी स्पीकर लावला आणि काही विचारलंच नाही. जेवलास का, एवढंच. तो म्हणाला, जेवलो. भात? भात. बाईंनी डोळे मिटले. मग को तेट बोलला, बोलता बोलता थांबला, परत बोलला. माफी मागत होता हे मला न कळता कळलं. नाइंग मधेच म्हणाला, तो पोरगा आलाय का, त्याला दे.

त्याचा तो सपाट आवाज मी हातात धरला होता. को तेट एकेक वाक्य सांगत होता. नाइंग म्हणाला, ऐकलं, मी म्हणे आईला मावशीकडं थांबायला सांगितलं. चांगलं सुचलं मला. मी हसलो. मग म्हणाला, "येतो असं पण तू सांगून बसलास. बोललास तू, पाळायचं मला आहे. प्रयत्न करतोय." मग म्हणाला, "पण नाही जमलं, तर तू जाऊ नको माझ्या जागी. त्या दिवसानंतर तिला माझ्या आवाजात फोन करायचा नाही. कबूल?"

कबूल म्हणायला मला बर्मी शब्द येत होता. माझ्याच आवाजात म्हणालो. कसा वाटला कोण जाणे; बाई माझ्याकडं बघत होत्या.

फोन संपल्यावर मी त्यांना म्हणलं, ते रेकॉर्डिंग पुसून टाका. माझ्यासाठी पुसा. उद्या काही झालं तर ते त्याचे शब्द म्हणून राहतील आणि ते त्याचे नाहीत. त्यांनी पदरासारखा एक रुमाल असतो त्यात गुंडाळलेला फोन काढला, आणि पुसायचा सोडून माझ्यासमोर लावला. खोकला, अमे-ये, तीन वाक्यं, कोंबडा, भात. मी पहिल्यांदाच एवढं शांत बसून ऐकलं. नक्कल खरंच जरा जास्तच होती.

बाई म्हणाल्या, "शब्द थोरल्याचे, आवाज धाकट्याचा, तोंड तुझं. तिघं एका जागी मला दुसरीकडं कुठं ऐकायला मिळतात?" आणि फोन परत गुंडाळून ठेवला.

बाबा पुढच्या वर्षी रिटायर होतायत. लाईनमधली खोली सोडावी लागणार. परवा फोनवर विचारत होते, घर कुठं करायचं, उमरखेडला की नागपूरला, तू कुठं येशील ते सांग. मी म्हणलं, सांगतो. अजून सांगितलेलं नाही. आंग मो किओचा पत्ता माझ्या पासवर आहे, तो दर दोन वर्षांनी बदलू शकतो. लाईनची खोली नव्या हवालदाराला मिळेल आणि त्याचं पोरगं तिथं बाराखडी म्हणेल. को तेटला विचारलं, तुझं घर कुठं, तर तो आता माए सोत म्हणतो, जिथं तो आयुष्यात चार दिवस राहिलाय.

बाईंकडं घर नाही, खोली आहे. रोज दुपारी ताट झाकून झालं की त्या दार लोटून घेतात आणि फोन लावतात. बावीस सेकंद तिन्ही पोरं घरात असतात. मग त्या उठून भांडी घासतात.